मधलं पद काढणारे व्याही

उभ्या रत्नागिरीत माझ्याशी घासाघीस न करता सुटलेला माणूस एकच, आणि तो नेमका माझा व्याही निघावा याला मी नशिबाची टवाळी म्हणतो. जांभ्याच्या चिऱ्यांचा धंदा मी तोंडाच्या जोरावर उभा केला. तरुणपणी दुसऱ्याच्या खाणीवर ट्रकात चिरे भरत होतो, आज माझ्या स्वतःच्या दोन खाणी आहेत, आणि मधलं सगळं अंतर मी भाव करत करत चाललोय. बिल्डर झाले, ट्रकवाले झाले, लग्नातले आचारी झाले. एका डॉक्टरने तर माझ्याशी बोलता बोलता इंजेक्शनावरून खाली येत गोळ्यांवर तडजोड केली होती. राग माझ्या नाकाच्या शेंड्यावर असतो असं आमची ही म्हणते. असेल. घासाघिशीत राग हा अर्धा माल असतो. पण समोरच्याने 'नाही परवडत' म्हटल्याशिवाय राग काढायचा कुठे? आणि या गृहस्थांनी ते दोन शब्द माझ्यासमोर कधी उच्चारलेच नाहीत. एकदा, आयुष्यात फक्त एकदा, या माणसाने माझ्याशी धड घासाघीस करावी, एवढीच माझी इच्छा होती. मुलीच्या लग्नापासून ती ठसठसत राहिली.

व्याही मूळचे केळशीचे, इथल्या कॉलेजात गणित शिकवून निवृत्त झालेले. सडसडीत अंगकाठी, अर्ध्या बाह्यांचा शर्ट, आणि निवृत्तीनंतरही खिशात खडूचा तुकडा. बायको लवकर गेली, मुलाला यांनीच वाढवलं. माझी मुलगी आधी यांची विद्यार्थिनी होती, मग सून झाली. सगळं गाव त्यांना 'सर' म्हणतं, मीही म्हणतो. ते मला 'शेठ' म्हणतात. त्यात टोमणा असेल म्हणून मी बरीच वर्षं कान लावून ऐकलं, पण सापडला नाही.

लग्नाच्या बोलणीची बैठक आमच्याकडे होती. वऱ्हाडाकडून माणसं किती, एवढा एकच मुद्दा उरलेला. त्यासाठी मी आदल्या दिवसापासून तयारीत होतो. घसा बिघडू नये म्हणून ताकसुद्धा घेतलं नव्हतं. पोह्यांच्या बशा आल्या, मी खाकरलो, आणि तोंड उघडणार तेवढ्यात सर म्हणाले, "शेठ, तुम्ही ऐंशी म्हणणार. मी दोनशे चाळीस म्हणणार. मग साधारण दहा फेऱ्या होतील. प्रत्येक फेरीत आपल्यातला एक जण सोळा माणसं सरकणार, तुम्ही वर किंवा मी खाली. दहातल्या पाच वेळा तुम्ही आणि पाच वेळा मी, असं घडायच्या तऱ्हा सगळ्यांत जास्त आहेत, दोनशे बावन्न. ते मधलं पद. म्हणजे एकशे साठ माणसं. पोहे गार होताहेत."

आणि पोहे खायला लागले!

माझ्या मनात ऐंशीच होते, हे मी त्या दिवशी कुणालाही सांगितलं नाही. बायकांनी साखर वाटली, सगळे हसले, आणि मी भरल्या घरात लुटल्यासारखा बसून राहिलो. एकशे साठ हा आकडा मला हवा तसाच होता. पण तो मी मिळवला नव्हता. ताटात वाढलेला मासा आणि गळाला लागलेला मासा यांतला फरक ज्याला कळत नाही, त्याला माझं दुःख कळायचं नाही.

मागाहून मुलीने मला समजावायचा प्रयत्न केला. "बाबा, सोप्पं आहे. दहा ट्रक उभे आहेत असं समजा. प्रत्येक ट्रकात दोनच चिरे, एक लाल, एक पिवळा. प्रत्येक ट्रकातून एकच चिरा उतरवायचा. आता चार पिवळे आणि सहा लाल आले पाहिजेत, तर कुठल्या चार ट्रकांतून पिवळा घ्यायचा तेवढंच ठरवायचं. ते दोनशे दहा तऱ्हांनी ठरतं. म्हणजे सगळ्या शक्यता उलगडून मांडत बसायला नको, हवं ते पद थेट काढता येतं. यालाच बायनोमियल म्हणतात."

"दोन चिऱ्यांसाठी ट्रक कोण पाठवतो?" मी विचारलं.

तिने कपाळाला हात लावला. पण गोष्ट माझ्या डोक्यात शिरली होती. व्याह्यांचा सगळा स्वभाव त्या ट्रकांत होता. हा माणूस कुठलीच गोष्ट उलगडत नाही, हवं ते पद तेवढं उचलतो. एकदा ते एका लग्नाला दाभोळवरून फेरीबोटीने पलीकडे जाऊन आले. परतल्यावर मी विचारलं, "कसं झालं?" म्हणाले, "बोटीत एक बकरी होती. तिने नवऱ्यामुलाच्या काकांचा फेटा खाल्ला." बस. लग्न कुणाचं, जेवण काय, काकांनी पुढे काय केलं, अक्षर नाही. मी खनपटीला बसलो तर शांतपणे म्हणाले, "सातवं पद दिलं ना तुम्हाला. बाकीची तुम्हाला काढता येतील." घरी येऊन मी आणि ही, आम्ही दोघांनी बाकीची पदं काढली. हसून हसून हिला उचकी लागली. पण आमच्या पदांत काका खाडीत पडतात, आणि ते खरं की खोटं हे आजतागायत समजलेलं नाही.

त्यांना एकदा मी मासळी बाजारात नेलं. म्हटलं, वर्गात नाही तर निदान इथे तरी माणूस भाव करायला शिकेल. माझी नेहमीची कोळीण बसली होती. तिचं आणि माझं भांडण बघायला शेजारच्या बायका टोपल्या झाकून येतात. तिने पापलेटांचा भाव सांगितला, तोही मला बघून चांगला चढवून. आणि सरांनी पाकीट काढलं! सांगितला तेवढा भाव देऊन, वर "आभारी आहे" म्हणून ते मासळीची पिशवी घेऊन निघालेसुद्धा. कोळीण माझ्यावर उखडली. "काय वो शेठ, ह्येंना परत आणू नका हां माझ्याकडं! सकाळच्या पारी असा गिऱ्हाईक आला तर दिवसभर माझी जीभ चालायची नाय." तिच्या टोपलीतून दोन पापलेटं तिने आपणहून उचलली आणि धावत जाऊन सरांच्या पिशवीत कोंबली. म्हणजे ज्यासाठी मी अर्धा तास घसा फोडतो ते यांना मुकाट्याने मिळालं. तेव्हापासून कोळीण मला बघितलं की आधी विचारते, "एकलेच आलाव ना?"

नात झाली तेव्हा मी ठरवलं, आता या माणसाला त्याच्याच गणितात पकडायचं. बारसं माझ्याकडे होतं. मला दोनशेवर माणसं बोलवायची होती. सरांचं मत, घरातल्या घरात चाळीस पुरे. मी विचार केला, हे मधलं पद काढणार, तर टोकच लांब नेऊन ठेवू. मी चेहरा गंभीर केला आणि म्हणालो, "चारशे. एक माणूस कमी नाही." चाळीस आणि चारशेच्या मध्ये दोनशे वीस. मनातल्या मनात मी आचाऱ्याला तेवढं सांगूनही टाकलं होतं.

सरांनी नातीच्या पाळण्याची दोरी हलवत माझ्याकडे पाहिलं. "बरं. चारशे."

"म्हणजे काय? मधलं पद?"

"शेठ, टोकाची पदंही विस्तारातच असतात. एकेकदाच येतात, पण येतात."

आता बोललेला शब्द मागे कसा घ्यायचा? धंद्यातला माणूस मी. माझ्या ओळखीत भांडलेली माणसं हजार, पण बारशाला यावीत अशी चारशे कुठून आणू? शेवटी खाणीवरचे सगळे कामगार सहकुटुंब आले, ट्रकवाले आले, बुरोंडीहून एका ट्रकवाल्याची सगळी सासुरवाडी आली. ज्या बिल्डरशी माझं बोलणं बंद होतं त्यालाही बोलावलं, तोही आला आणि जिलबीवर माझ्याशी परत भांडला. कोळीण नऊवारी नेसून, नाकात नथ घालून आली आणि पाळणा म्हणायला पुढे सरसावली. मांडव पुरेना म्हणून लोक आंब्याच्या कलमांखाली पंगतीला बसले. एवढा गोड गोंधळ आमच्या अंगणात पूर्वी कधी झाला नव्हता. सर एका कोपऱ्यात खुर्ची टाकून बसले होते, आणि ज्याला त्याला सांगत होते, "शेठची कल्पना." मी इतका खूश होतो की रागवायचं राहून गेलं. दुसऱ्या दिवशी आठवलं, पण तोवर ते घरी गेले होते.

पण खरा राग मला आला तो पुढे चार-पाच वर्षांनी. नात सरांच्या ओट्यावर बसली होती, हातात भरायच्या पाच बांगड्या पुढ्यात घेऊन, दोन लाल, तीन हिरव्या. ती सरांना म्हणाली, "आबा, अशा घालू की तशा?" आणि उभ्या आयुष्यात कुणासाठी काही न उलगडलेला हा माणूस फरशीवर मांडी ठोकून बसला. "लाल दोन कुठे बसवायच्या ते ठरव. पहिली आणि दुसरी. आता पहिली आणि तिसरी." अशा करत त्याने तिच्या हातावर एकेक तऱ्हा भरली, उतरवली, परत भरली. नात ओरडायची, "अजून आहे, अजून आहे!" दहावी तऱ्हा झाल्यावर तिने टाळ्या पिटल्या आणि म्हणाली, "परत!" आणि सरांनी परत पहिल्यापासून सुरुवात केली! मी तिथेच झोपाळ्यावर बसलो होतो. नातीला दहा तऱ्हा, दोनदा, आणि व्याह्याला मधलं एक पद? त्या दिवशी मी चहा न घेता उठून आलो. हिने विचारलं, "कुणाशी भांडलात?" म्हटलं, "भांडायला मिळालं असतं तर उठलो असतो का?"

मग जावयाची पुण्याला बदली झाली. मुलगी, नात, सगळेच जाणार, आणि आबांशिवाय नात जेवत नाही म्हणून सरही. कायमचे. हे मला मे महिन्यात कळलं, आंबे उतरत असताना. मुलीला तर मी तेव्हाच मनातून निरोप दिला. मुली जातात, त्याची सवय बापाला असते. पण व्याही जातात ही काय रीत झाली? मी तडक त्यांच्या ओट्यावर गेलो आणि उभ्या उभ्याच म्हणालो, "सर, बारा महिने इथे राहायचं."

"बारा महिने तिथे, असं ठरलंय, शेठ."

माझा आवाज चढला. "कळलं! म्हणजे मधलं पद. सहा इथे, सहा तिथे. ठरलं, संपलं, जातो मी!"

मी पायरी उतरलो तेव्हा मागून ते म्हणाले, "पण कुठले सहा?"

मी वळलो.

"बारा महिन्यांतले सहा निवडायचे तर नऊशे चोवीस तऱ्हा आहेत," सर म्हणाले. त्यांनी सरकून ओट्यावर जागा केली. "मला यातली कुठली हवी ते थेट काढता येत नाही. बसा. बोला."

मी बसलो. आयुष्यात इतक्या सावकाश मी कधी बसलो नसेन. जूनपासून सुरुवात केली. जूनमध्ये नातीची शाळा सुरू होणार, तो त्यांनी मागितला, मी सुस्कारा टाकून दिला. जुलै मी मागितला, कौलं गळतात म्हणून. ते म्हणाले, "कौलं तुमचा माणूस बघेल." मी म्हणालो, "माझा माणूस तुमच्या कौलांवर चढून उरलेलीही फोडेल." जुलै लांबला, पण सुटला माझ्याकडे. गणपतीचा महिना मागितला तर ते लगेच "घ्या" म्हणाले, आणि मी ओट्यावर हात आपटला. "असा नाही द्यायचा! आधी नाही म्हणा!"

सरांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. "बरं. नाही."

"हां! का नाही?"

"पुण्यातही गणपती असतात."

"तिथे मुलीचं सासर आहे का? आरतीला झांज कोण वाजवणार, पुणेकर?"

"नाही परवडत, शेठ," सर म्हणाले.

माझ्या अंगावर काटा आला. पुढे काय सांगू? शिमग्यासाठी मी डिसेंबर सोडला. आंब्यांसाठी मे घेतला आणि बदल्यात त्यांना सबंध जानेवारी दिला, तेव्हा ते म्हणाले, "जानेवारीत पुण्यात थंडी असते, सांधे दुखतात, त्यावर काहीतरी द्या," आणि मी दोन पेट्या कबूल केल्या. माझ्या मुलीने दोनदा चहा आणला. तिसऱ्यांदा ती नुसती दारात उभी राहून आमच्याकडे बघत राहिली. अखेरीला सहा महिने त्यांचे झाले, पाच माझे, आणि नोव्हेंबर उरला.

"म्हणजे नोव्हेंबर आपोआप तुमचा," सर म्हणाले.

"आपोआप मी काही घेत नाही," मी म्हणालो. "त्याचं बोलणं व्हायला पाहिजे. नंतर बघू."

ते हसले.

नोव्हेंबर आला तेव्हा नातीला ताप होता, सर पुण्यातच राहिले. मीच दोन दिवस जाऊन आलो. तो महिना असा कुणाचाच न ठरता निघून गेला. अजून रोज संध्याकाळी, चिऱ्यांचा शेवटचा ट्रक गेला की मी फोन लावतो आणि म्हणतो, "बोला सर, नोव्हेंबरचं काय?" ते काहीतरी सुचवतात, मी उसळतो, ते नाही परवडत म्हणतात. कधी पलीकडून नातीचा आवाज येतो, कधी नुसता त्यांचा खोकला. हल्ली खोकला जरा वाढलाय. मग मीही आवाज थोडा कमी करतो, पण मुद्दा सोडत नाही. फोन ठेवताना 'ठरलं' असं आमच्यातला कुणीच म्हणत नाही. ठरलं, तर उद्या फोन कशासाठी करायचा?