खुर्ची सोडल्यानंतरची वर्षं

यांच्या शोकसभेत जो उठला तो एकच बोलला, खुर्ची कशी सोडावी ते अध्यक्षांकडून शिकावं. मी पुढच्या रांगेत बसून मान डोलावत होते. खोटं नव्हतंच ते.

आमचे हे विश्रांतवाडीत पक्षाचे अध्यक्ष होते, म्हणजे आमच्या भागापुरते हो. तेव्हा कुणाच्या नळाला पाणी नाही, कुणाच्या मुलाला शाळेत घेत नाहीत, सगळे आमच्या दारात. मग यांनी आपणहून पद सोडलं आणि आपल्याच हाताखाली तयार झालेल्या मुलाला पुढे केलं. तरी लोक यायचेच, सवय ना! हे म्हणायचे, "आमच्याकडे चहा मिळेल. कामं तिकडे."

मला सांगायचे, "अगं, जुना अध्यक्ष बोलत राहिला, तर नव्याचं कोण ऐकणार?"

पटायचं मला. पण लोक हुशार. जिथं काम होत नाही तिथला चहा कोण पितो? येणं थांबलं. फाटक वाजलं की हे घाईनं शर्ट चढवायचे, आणि असायचा कुरिअरवाला, तोही शेजारच्यांचा.

मी म्हणायचे, "अहो, त्या मुलाला एक फोन तरी करा."

"म्हातारा लुडबुड करतो म्हणेल. गरज पडली की तोच करेल."

त्याचा फोन काही आला नाही. हे गेले.

तेराव्यानंतर तो आला एकटाच. मुलगा कसला, त्याचेही केस पिकलेत आता. खाली सतरंजीवरच बसला. म्हणाला, "काकू, साहेब माझ्यावर एवढे का रागावले होते?"

"रागावले? कोण म्हणालं?"

"इतकी वर्षं एक फोन नाही. मी चुकलो तरी नाही. किती वेळा गल्लीच्या तोंडापर्यंत येऊन परत गेलोय."

"अरे, तुझीच वाट बघत होते की रे ते!"

तो रडायला लागला. मीही. मग डोळे पुसून म्हणाला, "निवडणूक आलीय, काकू. तिकिटावरून आपलीच दोन माणसं हमरीतुमरीवर आलीत. साहेबांनी काय केलं असतं?"

मला काय ठाऊक बाई? ज्याला ठाऊक होतं तो माणूस परवापरवापर्यंत याच खोलीत बसून होता. दिवसभर, अगदी मोकळा.