मिलोयको क्रिव आहे

आमच्या भाषेत वाकड्याला क्रिव म्हणतात आणि चूक करणाऱ्यालाही क्रिवच. खिळा क्रिव असतो, तसा चोरही. ही काटकसर ज्या कुणी केली, त्याने माझ्या मित्राचं लग्न जवळजवळ मोडलं होतं.

मित्राचं नाव मिलोयको, धंद्याने तांबट. आमच्या चाचाक शहराच्या वरच्या गावांत आलुबुखाराची दारू गाळायच्या भट्ट्या त्याच्याच हातच्या. पन्नाशी ओलांडलेला विधुर, भांडं घासायला नको म्हणून उभ्याउभ्या पाव खाणारा. अशा माणसाला बाजारात साय विकणाऱ्या कोसानाने हो म्हटलं. तीही विधवा, जिभेने तिखट. आलुबुखार गाळून झाले की लग्न, आणि मी त्यांचा कुम, म्हणजे लग्नाचा साक्षीदार.

वसंतात एकदा तो माझ्या ओसरीवर आला, एक पेला घशाखाली घातला आणि मला म्हणाला, "तिहो, वाकलंय."

"काय, नळी?"

"हो."

"मग ठोकून सरळ कर. तांबट तू की मी?"

त्याने माझ्याकडे असं पाहिलं की मी हातातला पेला खाली ठेवला.

बेलग्रेडला या कामाचे चांगले डॉक्टर आहेत. परदेशातून माणसं येतात त्यांच्याकडे. देशाला अभिमान वाटावा अशी गोष्ट, पण कुणी चारचौघांत बोलत नाही. डॉक्टरांनी समजावलं की आत एका बाजूला कडक चट्टा धरलाय, त्यामुळे ताण येतो आणि वाकतं.

"आम्ही नळीत वाळू भरतो, मग वाकवतो," मिलोयको म्हणाला. "तुम्ही काय भरता?"

"काही भरत नाही, मिस्त्री. दुसऱ्या बाजूला टाके घालून सारखं करतो. जरा आखूड होईल."

"जरा म्हणजे?"

"जरा."

तरी बिचारा तारीख घेऊन आला. कोसानाला सांगितलं मुतखडा. मुतखड्याला आमच्याकडे मान आहे. माणूस तो काड्यापेटीत घालून घरी आणतो आणि गावभर दाखवतो. "मलाही दाखव," कोसाना म्हणाली होती.

ऑपरेशन नीट झालं, मी सोबतीला होतोच. पण शुद्धीवर आल्यावर याचं मन खायला लागलं. लग्नाच्या आधीच खोटं बोललो, म्हणाला. वॉर्डात सगळे कान टवकारून पडलेले, म्हणून फोनवर तोंड झाकून कुजबुजला, "कोसाना, तुला सांगायलाच हवं. मी क्रिव आहे."

पलीकडून फोन आपटला.

दुसऱ्या दिवशी कोसाना पहिल्या बसने हजर. हातात गिबानित्साचं ताट, चीज घातलेली आमची भाजलेली पोळी. वॉर्डातल्या प्रत्येकाला तिने एकेक तुकडा दिला, मला दोन दिले, आणि मिलोयकोच्या खाटेपाशी येऊन ताट झाकलं.

"कुठली आहे ती?"

"कोण?"

"जिच्यापायी तू क्रिव झालास. मुतखड्याचं सोंग करून बेलग्रेडला तिच्याकडेच आलास ना?"

मिलोयकोचा चेहरा चादरीसारखा पांढरा. ती माझ्याकडे वळली. "तू कुम ना? कुमाने खोटं बोलायचं नसतं. हा क्रिव आहे की नाही?"

मी तरी काय सांगणार. "आहे," म्हटलं. "म्हणजे परवापर्यंत होता. आता डॉक्टरांनी सरळ केलाय."

"बाहेरख्याली माणसाला डॉक्टर सरळ करतात?"

शेजारच्या खाटेवरच्या म्हाताऱ्याला राहवलं नाही. "अहो ताई, माणूस क्रिव नव्हता. त्याचं ते क्रिव होतं."

वॉर्ड हसून लोळला. हसताना टाके ओढले गेले, म्हणून निम्मे कण्हायलाही लागले. कोसाना हसली नाही. खाटेच्या कडेवर टेकली, झाकलेलं ताट मांडीवर घेतलं आणि मिलोयकोकडे रोखून बघितलं. त्याने मान खाली घातली. मला खात्री झाली, लग्न गेलं.

"जरा आखूडही झालंय," तो खालमानेनेच म्हणाला. "सगळं एकदाच सांगून टाकतो. नको असेल तर नको म्हण."

"माझा पहिला नवरा ताडासारखा सरळ होता," कोसाना म्हणाली. "सगळ्या संसारात एकदासुद्धा 'मी क्रिव' म्हणाला नाही. गाडी झाडावर घातली, तेव्हाही झाडच क्रिव होतं."

तिने ताटावरचं फडकं काढलं. कडेचा कुरकुरीत तुकडा राखून ठेवलेला होता, तो तिने त्याच्या हातात दिला. वाटभर त्याला शिव्या घालत आली असेल, तरी तो तुकडा तिने कुणाला दिला नव्हता. मिलोयको खाता खाता रडायला लागला आणि मीही खिडकीकडे तोंड केलं.

"तिहो," तिने हाक मारली, "गावाला काय दाखवायचं? खाली अंगणात जा, एक खडा शोधून आण."

मी दारापर्यंत पोचलो तशी मागून म्हणाली, "जरा मोठा बघ. बरंच सोसलंय त्याने."