रिकाम्या वाळूतलं कुरण

माघाचं धुकं डोकमर्डीच्या वस्तीवर बसलं की मसाटच्या कारखान्यांचा धूरही त्यातच मुरतो, आणि दोरीवरचे कपडे वाळायच्या ऐवजी वास धरतात. कावेरीने शर्ट हुंगला, परत दोरीवर टाकला. नवरा वाल्मिक खडोलीच्या कारखान्यातली रात्रपाळी उरकून आत घोरत होता. तिने ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकरी थापून झाकून ठेवल्या, गॅसचं बटण बघितलं, दारापर्यंत गेली, परत येऊन पुन्हा बघितलं. तिचा कशावर म्हणून चटकन भरवसा बसत नाही. भाजीवाल्याच्या काट्यावर नाही, रिक्षावाल्याच्या ‘आत्ता निघू’वर नाही. ‘दूधमा बी माशी शोधस तू,’ असं वाल्मिक म्हणतो, आणि ते काही खोटं नाही.

हा स्वभाव मसाटच्या कापड कारखान्यात तिच्या कामी आला. चोपड्याकडून लग्न होऊन आली ती तिथेच चेकिंगच्या टेबलाला लागली. दिव्यावरून कापड सरकायचं. डाग दिसला, धागा तुटलेला दिसला, की खूण करायची. तिथे एक रीत होती. सुपरवायझर एखाद्या ताग्यात मुद्दाम खोट करून ठेवायचा. ती तुमच्या नजरेतून सुटली म्हणजे तुम्ही झोपा काढताय. कावेरीच्या नजरेतून असा तागा कधी सुटला नाही. तिला तर धडक्या ताग्यातही खोट दिसायची.

आता ती कॉम्प्युटरपुढे बसते. कारखान्यातली जुनी सोबतीण मंजुषा आधी या छोट्या ऑफिसात लागली, तिनेच हिला ओढून आणलं. उपग्रहाने वरून काढलेले समुद्राचे फोटो पडद्यावर येतात. उथळ पाण्याखाली समुद्रगवताची कुरणं असतात, त्यांच्या कडेकडेने माउसने रेघ ओढायची, म्हणजे कुठे किती गवत आहे त्याचा नकाशा होतो. गवत गडद दिसतं, वाळू उजळ. पण खडकही गडदच, ढगाची सावलीही गडदच. पहिल्याच दिवशी कावेरीने विचारलं होतं, हा समुद्र खरा कशावरून? दमणला बघितला तो तर चहासारखा होता. ऑफिस चालवणारे मंगेश सर वेंगुर्ल्याचे, समुद्राकाठी वाढलेले. ते हसून म्हणाले, हा रामेश्वराकडचा आहे, तिथे तळ दिसतो. तिला ते हसणं काही आवडलं नाही.

रेघ कावेरीने ओढायची, मंजुषाने तपासायची, शेवटचा हात मंगेश सरांचा. एकदा तिने सहज पक्का नकाशा उघडला, तर तिची कुरणं आखडलेली. समुद्राकडची कड कात्रीने कापल्यासारखी गेलेली. पुढच्या नकाशातही तेच.

झालं, डोक्यात माशी शिरली. मंजुषा हल्ली पडदा जरा तिरका ठेवते. सरांशी बोलताना आवाज उतरवते. डब्यातली शेवभाजी आग्रहाने वाढते, ती कशासाठी? आपलं काम कच्चं दाखवून ही स्वतः वर चढणार, असं कावेरीने मनात पक्कं केलं. सरळ विचारावं, हे तिच्या डोक्यात आलं नाही असं नाही. पण विचारलं तर ती सावध होईल.

मग तिने कारखान्याची रीत काढली. फोटोतल्या एका बेटाजवळ पांढरी स्वच्छ वाळू होती, गवताची काडी नाही. तिथे तिने एक झकास कुरण आखलं, खऱ्यासारख्या खाचाखोचांसकट. मंजुषा डोळे उघडे ठेवून कापत असेल तर हे पहिलं उडेल. आकसाने, न बघता कापत असेल तर हे राहील, आणि सरांपुढे टाकायला पुरावा मिळेल.

कुरण राहिलं. बाकीच्यांच्या कडा गेल्या आणि हे अख्खं राहिलं. कावेरी त्या सकाळी खूश होती.

ती सरांच्या टेबलापाशी गेली तेव्हा ते स्वतःच बोलू लागले. नकाशा समुद्राची प्रत्यक्ष पाहणी करणाऱ्यांकडे पोचला होता. ते बोट घेऊन निघणार आणि पाणबुडे उतरवून निवडक जागा तपासणार. वाळूतलं ते एकटं कुरण त्यांना फार नवलाचं वाटलं, बोट आधी तिथेच जायची होती. कावेरीने चाचरत विचारलं की मग बाकीच्यांच्या कडा कोण कापतं. सर म्हणाले, मीच. खोल पाण्यात तळाचा भरवसा नाही, म्हणून तेवढाच भाग मी छाटतो, उथळातलं तसंच ठेवतो, तुम्हाला सांगायचं राहूनच गेलं.

“मंजुषाताई तर तुमच्या रेघेला हातसुद्धा लावत नाहीत,” ते म्हणाले. “म्हणतात, कावेरीची नजर आहे, उघडून काय बघायचं?”

आणि बोट फुकट गेली तर? तिने विचारलं. सर म्हणाले, तपासणारीचं नाव नकाशाखाली असतं. तिला ठेवणार नाहीत.

कावेरी जागेवर येऊन बसली. काही न बोलणं अगदी सोपं होतं. बोट जाईल, वाळू सापडेल, मंजुषा जाईल आणि तपासणीची खुर्ची रिकामी होईल. हेच तर तिला हवं होतं. जेवणाच्या सुट्टीत मंजुषाने डबा पुढे सरकवला, तेव्हा कावेरीने सांगून टाकलं.

“मंजे, ते वाळूतलं कुरण खोटं आहे. मीच काढलं.”

“चुकून?”

“नाही. तू बघतेस का, ते बघायला.”

मंजुषाने डबा परत आपल्याकडे ओढला. “म्हणजे माझ्यावर तागा सोडला तू,” ती म्हणाली. “मला वाटायचं, ती रीत मसाटलाच राहिली.”

“मला वाटलं, तू कापतेस.”

“विचारलं असतं तर तोंड झिजलं असतं का, बाई, तुझं?”

दोघी सरांकडे गेल्या. सरांनी तिथल्या तिथे फोन लावला, ती जागा यादीतून काढायला लावली, आणि फोन ठेवून दोघींकडे आळीपाळीने बघितलं. बोट निघाली नव्हती म्हणून दोघींच्या नोकऱ्या वाचल्या. यापुढे प्रत्येक कुरण उघडून बघायचं, एवढंच ते मंजुषाला म्हणाले.

आता मंजुषा प्रत्येक कुरण उघडते. पडद्यावर बोट टेकवून विचारते, हा खडक नाही कशावरून? ही सावली नाही कशावरून? कावेरी सांगते. मंजुषा ऐकून घेते आणि तरी जुना फोटो काढून पडताळते. ती खरोखर शंका घेते की मुद्दाम टोचते, हे कावेरीला अजून उमगलेलं नाही. डबा अजून दोघींच्या मध्येच उघडतात, पण शेवभाजी आपली आपण वाढून घ्यायची.

एके दिवशी मंजुषाने कावेरीचं एक कुरण असंच परत पाठवलं. बघायला गेलं तर त्यात काहीच चूक नव्हती. कावेरी घरी आली तेव्हा नळाला पाणी आलेलं होतं आणि शेजारणींचे हंडे रांगेत लागले होते. तिने चप्पल काढली, हंडा राखेने घासला, विसळला आणि रांगेच्या शेवटी नेऊन ठेवला; पाळी येईपर्यंत थांबायचं होतं.