गुडघ्याची सेवापूर्ती

मधल्या फळीत खेळणाऱ्या फुटबॉलपटूला सगळ्यात आधी संशय घ्यायला शिकवतात. चेंडू तुमच्याकडे येत असतो, सगळं मैदान चेंडूकडे बघत असतं, आणि तुम्ही मान वळवून मागे बघायचं असतं. कोण येतंय, किती जवळ आलंय, कोणत्या बाजूने येतंय. हे न बघता चेंडू घेणारा फार काळ टिकत नाही. मी बऱ्यापैकी टिकलो, पण ही सवय मैदानातच सोडून येता आली नाही. लग्नात कुणी पाठीवर थाप मारली तरी मी आधी त्याच्या मागे कोण उभं आहे ते बघतो. कुणी कौतुक केलं की त्याच्या पाठोपाठ काय येतंय याची वाट बघतो. बहुतेक वेळा काहीतरी येतंच.

रत्नागिरीत फुटबॉलपटू व्हायला कुणी जन्माला येत नाही. आमच्या वाडीत भात कापून झालं की मळ्यात क्रिकेट सुरू व्हायचं ते पावसाळ्यापर्यंत. शाळेत सरकारी खेळसाहित्यातून एक फुटबॉल आला होता, तो दुसऱ्या कुणालाच नको होता म्हणून मला मिळाला. वडील प्राथमिक शिक्षक. माझ्या खेळाला त्यांचा विरोध नव्हता, कारण याने पोट भरता येतं यावर त्यांचा शेवटपर्यंत विश्वासच बसला नाही. पुढे मुंबईत काकांच्या खोलीत राहून एका क्लबच्या कुमार संघात लागलो आणि तिथून गोव्याला गेलो. गोव्यात चहाच्या टपरीवर माणसं फुटबॉलवरून भांडताना पाहिली तेव्हा कळलं की आपण जन्माला यायला थोडे उत्तरेला चुकलो.

उजव्या गुडघ्यातलं लिगामेंट तुटलं तेव्हा मला कुणी हातही लावला नव्हता. मी वळलो, पाय वळला नाही, एवढंच झालं. शस्त्रक्रियेनंतर डॉक्टर म्हणाले, "आता हा गुडघा आधीपेक्षा मजबूत होईल." असं असेल तर सगळ्याच खेळाडूंचे गुडघे आधीच का कापून घेत नाहीत, असं मी विचारलं. ते हसले. उत्तर नसलं की डॉक्टर हसतात, हे मला नंतर बऱ्याच दवाखान्यांत दिसलं. क्लबने माझ्या पुनरागमनाचा एक व्हिडिओ काढला. त्यात मी जागेवरची सायकल चालवतोय आणि मागे लढाईचे नगारे वाजतायत. खाली लिहिलं होतं, वाघ परत येतोय. वाघ परत आला आणि राखीव खेळाडूंच्या बाकावर बसला. "घाई नको, तू आम्हाला हवा आहेस," असं प्रशिक्षक म्हणाले, त्याच दिवशी मी सामान बांधायला घ्यायला हवं होतं.

मग डावी मांडी गेली. उजव्याचा भार डावा पाय उचलत होता म्हणून, असं फिजिओ म्हणाला. त्यानंतर पुन्हा उजवा गुडघा, या वेळी आतली गादी. प्रत्येक वेळी मी परत आलो, आणि प्रत्येक वेळी आधीपेक्षा लहान क्लबात, जास्त लांबच्या बसने. तिसऱ्या वेळी व्हिडिओ कुणी काढला नाही. त्या एका गोष्टीवर मात्र मी मनापासून विश्वास ठेवला.

गेल्या वर्षी तोच गुडघा पुन्हा गेल्यावर मी घरी होतो तो अशा चौथ्या परतीच्या तयारीत. गोव्यात माझ्याबरोबर खेळलेला एकजण खालच्या गटातल्या एका संघाचा प्रशिक्षक झाला होता. महिनाअखेरीला ये, चाचणी दे, वैद्यकीय तपासणी होईल, पास झालास तर एक हंगाम तुझा, असं त्याने सांगितलं होतं. बत्तीस वर्षांच्या मिडफिल्डरला याहून जास्त कुणी देत नाही, आणि मला याहून जास्त नकोही होतं. एक हंगाम खेळायचा आणि स्वतःच्या पायाने बाहेर पडायचं. स्ट्रेचरवरून नाही. पहाटे भाट्याच्या समुद्रकिनारी ओल्या वाळूवर धावायचो, घरी येऊन दार लावून घ्यायचो आणि गुडघ्यावर बर्फ ठेवायचो. मी झोपलोय असं आईला वाटतं, असा माझा समज होता.

अशात एका रविवारी आमच्या वाडीच्या मंडळाचे अध्यक्ष आणि चिटणीस घरी आले. मंडळाच्या दोन शाखा आहेत, एक गावची आणि एक मुंबईची, आणि दुसरी शाखा आपल्यापासून काहीतरी लपवते याची दोघींनाही खात्री आहे. अध्यक्ष जिल्ह्याच्या कचेरीतून कारकून म्हणून निवृत्त झालेले. जय भीम झाला, चहा आला, आणि ते माझ्या पायाकडे बघत म्हणाले, "काय रे, पाय काय म्हणतो?"

"बरा आहे, काका."

"बरा म्हणजे चालण्यापुरता बरा, का धावण्यापुरता?"

हा प्रश्न मला आवडला नाही. "धावतो," मी म्हटलं.

"छान छान. तुझा सत्कार करायचं ठरलंय. विहारात. मुंबईकर पण येणार हायत."

"कशाबद्दल?"

"कशाबद्दल काय विचारतोस? एवढा खेळलास."

"अजून खेळतोय."

"तेच ते," अध्यक्ष म्हणाले.

चिटणीसांनी विचारलं, "ब्लेझर हाय ना तुझ्याकडे?"

"नाही."

"राहूंदे. करतो आम्ही काहीतरी."

काय करणार, हे मला चार दिवसांनी कळलं. एका मित्राला मुंबईच्या एसटीत बसवून हातखंब्याहून परत येत होतो. नाक्यावर आंब्याच्या आणि हॉटेलांच्या जाहिरातींमध्ये एक फ्लेक्स होता आणि त्यावर मी होतो. म्हणजे मानेपर्यंत मी. मानेखाली काळा ब्लेझर, तांबडा टाय आणि मला कधीच नव्हतं असं पोट. मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं, सेवापूर्ती सत्कार सोहळा. खाली मजकूर असा की, प्रदीर्घ व निष्कलंक सेवेनंतर नियत वयोमानानुसार निवृत्त होत असल्याबद्दल हार्दिक अभिनंदन, उर्वरित आयुष्य सुखासमाधानाचे व आरोग्यदायी जावो. निष्कलंक वाचून मला मिळालेली लाल कार्डं आठवली. निवृत्त हा शब्द मी जवळ जाऊन पुन्हा वाचला.

संध्याकाळीच प्रशिक्षकाचा फोन आला. मुंबईतल्या कुणीतरी त्याला तो फोटो पाठवला होता.

"तू सोडलंस म्हणे खेळणं?"

"गैरसमज आहे. गावातल्या लोकांचा."

"फोटोत टाय आहे तुझ्या गळ्यात."

"टायचं जाऊ दे. मी येतोय."

"नक्की ना? वरून मला विचारतायत. दुसरा एक पोरगा बघून ठेवलाय त्यांनी."

फोन ठेवला आणि हे कुणी पेरलं असेल, अशी माणसं मी मोजायला लागलो. गुडघ्याचा ताजा एमआरआय रत्नागिरीतच काढला होता. त्या केंद्रात चिटणीसांचा भाचा काउंटरवर बसतो. मुंबई शाखेत एकजण माझ्या जुन्या क्लबच्या कार्यालयात कामाला होता. शिवाय तो दुसरा पोरगा, त्यालाही कुणीतरी मामा-काका असणारच. दुसऱ्या दिवशी मी थेट अध्यक्षांच्या पडवीत जाऊन उभा राहिलो.

"काका, मी निवृत्त झालो हे तुम्हाला कुणी सांगितलं?"

"कुणी नाय."

"मग फ्लेक्सवर कसं आलं?"

"फ्लेक्सवर काय आलं? सत्काराचा फ्लेक्स तसाच असतो." ते खरोखरच गोंधळले होते. "माझ्या वेळचाच मजकूर हाय तो. छापणाऱ्याकडे तयार असतो, नाव नि तोंड तेवढं बदलायचं. नीट बघितलास तर ब्लेझर पण माझाच हाय."

मी आठवून बघितलं. पोट त्यांचंच होतं. आणि त्यांचं म्हणणं खोटं नव्हतं. आमच्या वाडीत धम्मदीक्षेनंतरच्या पिढ्या शिकल्या, शिक्षक झाल्या, कारकून झाल्या, पोस्टात लागल्या. सत्कार व्हायचा तो निवृत्तीच्या दिवशी. त्याआधी माणूस नोकरीत असायचा आणि नोकरीतल्या माणसाला शाल पांघरून बसायला वेळ नसायचा. दुसऱ्या कुठल्या कारणासाठी सत्कार करतात हे मंडळाला ठाऊकच नव्हतं. आमच्याकडे त्रिसरण-पंचशील होतं, मग शाल आणि पुस्तक देतात. नारळाच्या जिल्ह्यात राहून सत्काराला नारळ न देणारे आम्हीच. मग सगळे मिळून उर्वरित आयुष्याच्या शुभेच्छा देतात.

"पण नियत वयोमान अठ्ठावन्न असतं, काका. मी बत्तीसचा आहे."

"खेळाडूंचं किती असतं?"

मी उजव्या पायावरचा भार डाव्यावर घेतला.

"आणि चूक असती तर तुझ्या आईने सांगितली असती की," ते म्हणाले. "छापायच्या आधी तिलाच दिला होता वाचायला."

घरी येईपर्यंत माझे बाकीचे सगळे संशयित सुटले होते. आई अंगणवाडी सेविका होती. वाडीतली कुठलीही पत्रिका छापण्याआधी तिच्या हाताखालून जाते आणि तिच्या नजरेतून काना-मात्रासुद्धा सुटत नाही. ती मागच्या दारी बांगडे साफ करत बसली होती.

"तू फ्लेक्स वाचला होतास?"

"वाचला. दोन ठिकाणी शुद्धलेखन सुधारून दिलं."

"आणि सेवापूर्ती?"

"त्यात मला चूक दिसली नाही."

"तुला कुणी सांगितलं काही? त्या भाच्याने?"

"कोण भाचा? तूच सांगतोस की रोज. घराच्या पायऱ्या आडवा उतरतोस, कुर्ली चालते तसा. आणि फ्रीजमधला बर्फ काय मांजर खाते?"

"सकाळी पाय आखडलेला असतो, आई. नंतर मोकळा होतो."

"संध्याकाळी पण आडवाच उतरतोस."

"मग तोंडाने बोलायचं होतंस. फ्लेक्स कशाला?"

"तोंडाने बोलून झालं. पहिल्या वेळी बोलले, दुसऱ्या वेळी बोलले. तू डॉक्टरचं ऐकवलंस मला. या वेळी मी काही बोलले नाही. छापून आलं ते छापू दिलं." तिने बांगडा उलटा केला. "बरं, खोटं असेल तर सांग. पुढच्या पायऱ्यांवरून रस्त्यापर्यंत सरळ उतरून दाखव. कठड्याला हात न लावता. दाखवलंस तर आत्ता जाते आणि हातखंब्याचा फ्लेक्स माझ्या हाताने काढते."

तिने हात धुतले आणि पुढच्या दारात येऊन उभी राहिली. आमच्या घरापुढे जांभ्या दगडाच्या पायऱ्या आहेत, थोड्या उंच, कडेला कमरेएवढा कठडा. मी हजारो माणसांपुढे खेळलोय. त्यांतल्या कुणाचीही नजर मला इतकी जड गेली नव्हती. पहिल्या काही पायऱ्या सरळ उतरलो, आणि ऐटीत उतरलो. मधल्या पायरीवर सगळा भार उजव्या पायावर आला, गुडघ्याच्या आत काहीतरी सरकलं, आणि बघतो तर माझा हात कठड्यावर होता. मी तो ठेवला नव्हता.

आता ती काहीतरी बोलेल म्हणून मी तसाच उभा राहिलो.

"बांगडे उघडे हायत मागे," ती म्हणाली आणि आत गेली.

त्याच पायरीवर बसून मी प्रशिक्षकाला फोन केला. म्हटलं, फ्लेक्स बरोबर आहे. तो म्हणाला, "म्हणजे टाय पण खरा?" मी म्हटलं, टाय दुसऱ्याचा आहे. तो हसला, वाईट वाटलं म्हणाला, आणि मी सवयीने त्याच्या आवाजात सुटकेचा सूर शोधत राहिलो. तो होता, थोडासा. त्या दुसऱ्या पोराला फोन करायला तो मोकळा झाला होता. मला त्याचा राग आला नाही. मीही त्या जागी तेच केलं असतं.

सत्कार ठरल्याप्रमाणे झाला. मुंबई शाखेने आणलेली शाल आधी घालायची की गाव शाखेची, यावरून दोन चिटणीसांमध्ये थोडी ओढाताण झाली आणि शेवटी माझ्या अंगावर दोन्ही आल्या. कुणी मला महाराष्ट्राचा अभिमान म्हणाले, कुणी कोकणचा हिरा. माझा एकही सामना कधी पाहिलेला नाही, हे मात्र प्रत्येकाने प्रामाणिकपणे सांगितलं. आई पहिल्या रांगेत पांढरी साडी नेसून बसली होती आणि वक्त्यांकडे नाही, माझ्या गुडघ्याकडे बघत होती. इतकी वर्षं लोकांसमोर बसताना मी तो पाय दुमडून खुर्चीखाली लपवत आलो होतो. सूज दिसू नये म्हणून. त्या दिवशी तिसऱ्या भाषणाच्या सुमारास तो फार ठणकायला लागला. समोर पुष्पगुच्छ ठेवायला एक स्टूल होतं. मी पुष्पगुच्छ खाली ठेवला, स्टूल ओढलं आणि पाय त्यावर सरळ पसरला.

अध्यक्ष माझ्या कानाशी आले. "पाय खाली घे, मेल्या. फोटो काढतायत."

"काढू दे, काका. दुखतोय."

त्यांनी एकदा गुडघ्याकडे पाहिलं. सुजून पँटीतून वर आला होता. मग ते सरळ झाले आणि मोबाइल धरून उभ्या असलेल्या चिटणीसांना मोठ्याने म्हणाले, "वरचा अर्धाच घे."