पुलियावरचं माप

काका माणसाच्या तोंडाकडे नंतर पाहत, आधी पायांकडे. कुणी ओळख करून दिली की नमस्काराला हात जोडायचे, पण नजर तुमच्या कमरेखाली उतरलेली असायची. मग म्हणायचे, "चपला काढा. भिंतीले टेकून उभे राहा." लग्नघर असो की दवाखाना, त्यांना फरक पडत नसे. आमच्या शेजारचे नवे जावई पहिल्यांदा सासरी आले, तर काकांनी त्यांना दारातच गाठलं. वरपासून नव्हे, खालपासून न्याहाळलं आणि म्हणाले, "बावीस. पण चालवत असान चोवीस. कंबर दुखते ना?" जावयांची कंबर खरंच दुखत होती.

काकूंना या सवयीचं काही वाटेनासं झालं होतं. "मले पाहाले आले तईबी पायाकडंच पाहून राहिले होते," त्या सांगायच्या. "माह्या बाबाले वाटलं, पोरगा लाजाळू आहे."

सायकलच्या फ्रेमला नंबर असतो, हे तुमच्यापैकी बऱ्याच जणांना माहीत असेल. वीस, बावीस, चोवीस. सीटखालची उभी नळी जितके इंच, तितका नंबर. पण आपण कितीची चालवतो आणि आपल्याला कितीची हवी, याचा विचार करणारा माणूस मी तरी एकच पाहिला. भिलाईत एक गंमत झाली होती. स्टील प्लांटमध्ये नोकरी लागली की पहिली सायकल चोवीसची घ्यायची, अशी जुन्या लोकांची रीत होती. माणूस पाच फूट दोन इंच का असेना. नोकरी मोठी, तर सायकलही मोठी पाहिजे. बायकांना मात्र सरसकट वीसची लेडीज. त्या काळच्या फ्रेमी जड, पोलादी. मोडायचं नाव घेत नाहीत. त्यामुळे बापाची चुकीची फ्रेम मुलाकडे आली, मुलाची भाच्याकडे गेली, आणि अख्खं गाव पिढ्यान्‌पिढ्या दुसऱ्याच्या मापावर बसून कामाला जात राहिलं.

काका रेल मिलमध्ये रूळ तपासायचे. मापात नसलेला रूळ बाजूला काढणं, हेच त्यांचं आयुष्यभराचं काम. निवृत्त झाल्यावर सेक्टर ६ मधलं क्वार्टर सोडून ते रिसालीत आमच्या दोन घरं पलीकडे राहायला आले आणि फ्रेमींच्या मागे लागले. कशासाठी, असं मी एकदा विचारलं. "तीस वर्स रूळ रिजेक्ट केले," ते म्हणाले. "माणूस थोडाच रिजेक्ट करता येते? मंग फ्रेम बदला."

त्यांचा नियम एकच. फ्रेमच्या बदल्यात फ्रेम. खरेदी नाही, विक्री नाही. चाकं ज्याची त्याला, आणि सीट तर मुळीच बदलायची नाही. "तिले तुमचं बूड ओळखू येते," असं ते गंभीरपणे सांगत.

दुपारी शिफ्ट सुटायच्या वेळी ते गेटच्या रस्त्यावरच्या पुलियावर जाऊन बसत. नाल्यावरच्या त्या छोट्या पुलाचा कठडा म्हणजे त्यांची खुर्ची. समोरून शेकडो सायकली जात आणि काका गुडघे पाहत. "तो पाहा, चौकटीचा शर्ट. बोटं टेकवाले कसा वाकडा होऊन राहिला. अन् त्याच्यामांगं तो उंच, त्याचे गुडघे हँडलले लागून राहिले. दोघंबी रोज एकामांगं एक जातात, अन् एकमेकाची सायकल चालवतात." दुसऱ्या दिवशी ते त्या दोघांना थांबवत. एकमेकांचं नावही माहीत नसलेली ती माणसं तासाभरात फ्रेमी बदलून घरी जात. सोयरीक जुळवणारा माणूस पत्रिका पाहतो. काका टांगा पाहत, एवढाच फरक.

माप घ्यायला त्यांच्याकडे सुतळी असायची. भिंतीला टेकून उभं राहायचं, दोन्ही पायांमध्ये जुनी टेलिफोन डिरेक्टरी वरपर्यंत घट्ट धरायची आणि तिच्या वरच्या कडेपासून जमिनीपर्यंत सुतळी सोडायची. तिथे गाठ. बायकांचं माप आतल्या खोलीत काकू घेत. प्रत्येकाच्या सुतळीला नावाचा पुठ्ठा बांधून ती व्हरांड्यातल्या खिळ्याला लटकवलेली असे. पहिल्या खिळ्याला काकांची स्वतःची सुतळी होती.

माझीही एक होती. ती सगळ्या बायकांच्या सुतळ्यांपेक्षा वीतभर लांब होती.

मी पाच फूट दहा इंच. आमच्या घरात हा आकडा मोठ्यानं बोलत नसत. आई मला दाराबाहेर पडताना सांगायची, "थोडी वाकून चालत जा." मी इतकी वर्षं वाकले की मला पोकच आलं. सेक्टर ६ च्या एका दवाखान्यात मी लॅबमध्ये कामाला होते. बाबांनी घेऊन दिलेल्या वीसच्या लेडीज सायकलवरून जायची. गुडघे हँडलला आपटायचे, म्हणून पाय फाकवून पेडल मारायची. पोरं हसायची. मग गुडघा सुजायला लागला. डॉक्टर म्हणाले, सायकल सोडा. स्कूटीची ऐपत नव्हती, आणि दवाखान्याच्या वेळेला धड बस नव्हती. सायकल सुटली असती तर नोकरीही सुटली असती.

काकूंनी माप घेतल्यावर काकांनी सुतळी हातात धरून दोनदा ताणून पाहिली. मी सवयीनं म्हटलं, "मी जरा जास्तच उंच आहे."

"कोण म्हणते?" ते म्हणाले. "तू बरोबर आहेस. सायकल लहान आहे."

तुम्हाला हे वाक्य साधं वाटेल. मला तोवर कुणी म्हटलं नव्हतं. मी घरी जाऊन रडले.

पण चोवीसची लेडीज फ्रेम औषधालाही मिळत नव्हती. मधे त्यांनी एक बावीसची आणली. मी संकोचानं म्हटलं, "बसली काका." त्यांनी मला गल्लीत एक चक्कर मारायला लावली आणि परत आल्यावर म्हणाले, "खोटं नको बोलू. तुहा गुडघा सांगून राहिला." बावीसची दुसऱ्या कुणाकडे गेली. असे तीन हिवाळे गेले. मी गुडघ्याला पट्टा बांधून कामाला जात राहिले.

अखेर ती फ्रेम सापडली रायपूरच्या एका वकिलांच्या दिवाणखान्यात. जुनी विलायती, काळी, चोवीसची लेडीज. भिंतीवर टांगलेली, तिच्यावर मनीप्लांट सोडलेला. वकिलांना जुन्या सायकलींचा शौक होता, चालवायचा मात्र नाही. काकांनी आधी वकिलांचं माप घेतलं. "तुमी चोवीसचे. भिंतीवर काहून बसता? रस्त्यावर बसा." वकील हसले आणि म्हणाले, चोवीसची जुनी जेंट्स, दिव्याच्या हुकासकट आणून दिली तर ही तुमची.

तशी फ्रेम काकांना ठाऊक होती. रायपूरच्या वाटेवर कुम्हारीच्या एका म्हाताऱ्या चौकीदाराकडे होती. चौकीदार बुटके. थांबायचं झालं की ते कडुलिंबाच्या झाडाला धरत. झाड नसेल तिथे थांबतच नसत. त्यांना हवी होती वीसची, आणि दांडा नसलेली असेल तर फारच चांगलं, कारण पाय वर उचलत नव्हता. म्हणजे नेमकी माझी.

तीन सायकली, तीन माणसं, प्रत्येकाची दुसऱ्याला बसणारी. काकांनी हे सांगितलं तेव्हा मला क्षणभर भीतीच वाटली. एवढ्या मोठ्या प्रदेशात हे तिघं असे फिरत होते आणि एका माणसाला ते दिसलं होतं.

एका रविवारी सकाळी कुम्हारीत, हमरस्त्यावरच्या चहाच्या टपरीशेजारी, काकांनी बारदान पसरलं. मी आणि ते रिसालीहून सायकलींवर गेलो होतो. वकील गाडीच्या टपावर सायकल बांधून आले. चौकीदार पांढरं धोतर नेसून आले. चाकं निघाली, सीटा निघाल्या. आणि चौकीदारांनी आपल्या फ्रेमवर हात ठेवला तो काढेनात.

"लेडीज मा बइठहूं त गांव भर हांसही," ते म्हणाले, लेडीजवर बसलो तर सगळं गाव हसेल. काका म्हणाले, "और गिरते हो तब?" चौकीदारांनी दिव्याचा हुक चाचपला. मग हळूच बोलले, "ससुर ह दे रिहिस." ती त्यांना लग्नात सासऱ्यांनी दिली होती.

चहावाल्यानंही भांडं खाली ठेवलं. माझ्या तोंडाशी आलं होतं, राहू द्या काका. त्यांनी माझ्याकडे पाहिलंच नाही. ते उठले, चौकीदारांपुढे जमिनीवर बसले आणि त्यांचं धोतर हलकेच गुडघ्यापर्यंत वर केलं. नडगीवर पडण्याच्या खुणा होत्या. जुन्या पांढऱ्या, नव्या लाल. काकांनी एकेका खुणेवर बोट ठेवलं. "ये ससुरजी ने दिया था क्या?"

चौकीदार स्वतःच्या पायाकडे पाहत राहिले. मग त्यांनीच पाना उचलला आणि हँडल सैल करायला घेतलं.

दहाच्या सुमारास तिन्ही सायकली उभ्या राहिल्या. चौकीदार माझ्या वीसच्या लेडीजवर बसले, टपरीपासून पंपापर्यंत गेले, आणि परत येऊन झाड नसलेल्या जागी थांबले. दोन्ही पाय जमिनीवर. ते खाली बघून स्वतःशीच हसत होते. मग मी बसले. पेडल खाली गेलं आणि माझ्या आयुष्यात पहिल्यांदा सायकलवर माझा पाय जवळजवळ सरळ झाला. हँडल दूर, जिथे असायला हवं तिथे. वाकायची गरजच नव्हती.

"बसली," काका म्हणाले. यापलीकडे ते कधी कशाची स्तुती करत नसत.

कुम्हारीहून रिसालीपर्यंत मी ताठ बसून आले. घरी आईनं दारातूनच पाहिलं. ती वाकून चाल म्हणाली नाही, आणि त्यानंतरही कधी म्हणाली नाही. काकांबद्दल तेव्हा मला जे वाटलं त्याला आदर म्हणणं थोडं कमीच पडेल.

पुढे सुट्टीच्या दिवशी मीही पुलियावर जाऊन बसू लागले. गुडघे पाहायला शिकले. म्हणूनच ते मला दिसलं. काका अठ्ठ्याहत्तरचे होते. रिसालीच्या चौकात ते पडले आणि रस्ता खराब आहे म्हणाले. रस्ता नवा केलेला होता. त्यांच्या बावीसच्या सायकलवर, जी ते चाळीस वर्षं चालवत होते, त्यांची बोटं आता जेमतेम टेकत होती. नागपूरला राहणाऱ्या त्यांच्या मुलानं फोनवर बजावलं होतं, आता सायकल बंद.

एका संध्याकाळी ते अंगणात सायकलवरून उतरताना मी पाहत होते. त्यांनी माझी नजर कुठे आहे ते पाहिलं. व्हरांड्यात गेले, चपला काढल्या, भिंतीला टेकून उभे राहिले आणि डिरेक्टरी मागितली.

"घे माह्यं माप."

मी पहिल्या खिळ्यावरची सुतळी काढली. जुन्या गाठीपाशी दोन बोटं सुतळी जमिनीवर आडवी पडली. मी पुन्हा एकदा धरून पाहिलं. तेवढीच.

काका खाली पाहत होते. "मीच उतरलो की," ते म्हणाले. मग मान न उचलता, "रिजेक्ट?"

मी सुतळीला दोन बोटं वर नवी गाठ मारली. "नाही काका. तुम्ही बरोबर आहात. सायकल मोठी आहे."

त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा माझ्या तोंडाकडे आधी पाहिलं.

आठ दिवसांत त्यांनीच पुलियावरून एक कंत्राटी कामगार हेरला. मधल्या वयाचा, वीसच्या जेंट्सवर गुडघे दुमडून जाणारा. अदलाबदलीच्या दिवशी तो अंगणात उभा आणि काका मात्र स्वतःची फ्रेम पुसत बसलेले. एकदा पुसली, दोनदा पुसली, घट्ट असलेले नट पुन्हा घट्ट केले. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "त्या चौकीदाराले मी लय सहज बोललो बापा." आणि उठून फ्रेम त्या माणसाच्या हातात दिली.

त्या वीसच्या फ्रेमवर ते दीड वर्ष रोज पुलियावर गेले. एकदाही पडले नाहीत. मुलाला फोनवर ठणकावून सांगायचे, "पाय पुरून राहिले माहे." मग थंडीतल्या एका सकाळी काकू चहा घेऊन गेल्या, तर ते उठलेच नाहीत.

महिन्याभरानं काकूंनी मला बोलावलं आणि सगळ्या सुतळ्यांचा जुडगा हातात दिला. "तूच ठेव. कोणती टांग कोणाची, मले समजत नाही." सगळ्यात वर काकांची होती, दोन गाठींची.

परवा मी दुपारी पुलियावर जाऊन बसले. शिफ्ट सुटली. आता मोटरसायकली जास्त, सायकली थोड्या. त्या गर्दीतून एक काळी फ्रेम आली. काकांनी चाळीस वर्षं पुसून पुसून कडांवरचा रंग उडालेली. पेडल खाली गेलं, पाय सरळ झाला, गुडघ्यात नेमका हवा तेवढा बाक राहिला.

"बसली," मी म्हटलं. मोठ्यानं म्हटलं गेलं असावं, कारण तो माणूस थांबला. त्याचा पाय अलगद जमिनीवर टेकला.

"कुछ बोला दीदी?"

"नहीं भैया. जाओ."

तो गेला. वळणापर्यंत मी पाहत राहिले. त्याचं तोंड कसं होतं, ते मला सांगता येणार नाही.