शंखफोड्याच्या पोटातली कच

सरकारी दवाखान्याने मच्छरदाण्या फुकट वाटल्या, की सरोवराकाठच्या म्तोपे गावातल्या निम्म्या तरी तिसऱ्या दिवशी एनिफाच्या अंगणात येऊन पडत. डासांचं काय एवढं? चुलीवर मासा शिजला पाहिजे. एनिफा आंब्याखाली पाय लांब करून बसायची आणि मच्छरदाणीला मच्छरदाणी जोडत जायची. तीस मच्छरदाण्यांचं एक ओढजाळं. खालच्या कडेला दगड, वरच्या कडेला तरंगण्यासाठी जुन्या रबरी चपलांचे तुकडे. "माझ्या बहिणीच्या जाळ्यातून पाणीसुद्धा परवानगी काढून जातं," असं तिचा थोरला भाऊ लेफानी चारचौघांत सांगायचा. एनिफा मान खाली घालून हसायची. नवरा दक्षिणेकडे खाणीत कामाला गेला तो परतलाच नव्हता. दोन मुली तिने या सुईवर वाढवल्या होत्या.

लेफानीची माणसं ते जाळं काठाकाठाने, सरोवराचा तळ खरवडत ओढायची. त्यात बोटाएवढी पिल्लं यायची, तोंडात अंडी धरलेल्या माद्या यायच्या, आणि शंखफोडेही यायचे. तळहाताएवढे, जाड जबड्याचे हे मासे उथळ वाळूतच राहतात. सुरुवातीला टोपल्या भरायच्या. मग टोपलीच्या तळाशी चारदोन, मग तेही क्वचितच.

त्याच वर्षी एका सकाळी धाकटी लेक, तियांजाने नावाची, घरामागून आली. "आई, लाल होतंय."

एनिफा चरकली. पोर अवघी नऊ वर्षांची! शेजारणी जमल्या. "पाण्याकाठच्या पोरी लवकर पिकतात गं," एकीने निर्वाळा दिला. कुणी कापडाच्या घड्या आणल्या, कुणी पोरीला चार शहाणपणाच्या गोष्टी सांगितल्या. गावातल्या पोरग्यांनाही अधूनमधून लघवीला लाल व्हायचंच. तेव्हा लोक 'बाप्या झाला!' म्हणून टाळ्या द्यायचे. पण तीन आठवडे उलटले तरी तियांजानेचं लाल थांबेना. ती भिंतीला टेकून दिवसभर पेंगायला लागली.

एनिफाने तिला पाठीवर बांधलं आणि दवाखाना गाठला. तिथे काझोम्बे नावाचे म्हातारे तपासनीस होते. त्यांनी पोरीच्या लघवीच्या बाटलीतला थेंब काचेवर घेतला, भिंगाखाली बराच वेळ पाहिला आणि उठून आपली खुर्ची एनिफाला दिली.

"बस. तूच बघ."

भिंगाखाली लांबट दाणे दिसत होते. प्रत्येकाच्या एका टोकाला काटा.

"हे काय, बाबा?"

"किड्यांची अंडी. वयात आलेली नाही ती, तिच्या मूत्राशयात जखमा आहेत."

"माझ्या पोरीत किडे?" एनिफाचा आवाज चिरकला. "कुठून आले?"

"पाण्यातून. आपली लघवी पाण्यात जाते, तिथून किडा गोगलगायीत शिरतो, तिच्यात वाढतो, बाहेर पडतो आणि पाण्यात उतरलेल्याच्या कातडीतून आत घुसतो. ही घे बाटली, तुझंही तपासू."

तिच्याही थेंबात काटेवाले दाणे निघाले.

"पण गोगलगायी आमच्या लहानपणीही होत्या!"

"किती होत्या?"

एनिफा आठवू लागली. तेव्हा खेळायला एक शंख हवा तर सकाळभर शोधावा लागे. आता लव्हाळ्याची काडी उपटली तरी मूठभर हाताला लागत.

"खाणारा गेला, की ज्याला खायचा तो माजतो," काझोम्बे म्हणाले. "गोगलगाय खाणारा मासा कोणता, ते मी काय सांगू? तू कोळ्याची लेक."

जन्मभर तिने शंखफोडे साफ केले होते. दर वेळी पोटातून वाळूसारखी कच निघायची, सुरीला करकर लागायची, आणि एनिफा शिव्या घालत ती फेकून द्यायची. ती वाळू नव्हती.

"बाबा," ती कशीबशी म्हणाली, "ते जाळं मी शिवते."

घरी येताच तिने शेजारणीकडून दोन शंखफोडे मागून आणले, चिरले आणि कच धुऊन थाळीत पसरली. चुरा झालेले शंख. काहींची वळणदार टोकं अजून शाबूत होती. लेफानी आला तेव्हा ती थाळीसमोर दगडासारखी बसली होती.

"नवं जाळं झालं का गं? पोरं खोळंबलीत."

"मी शिवणार नाही, दादा. काठावर जाळं ओढायचंच नाही आता." तिने दवाखान्यातलं सगळं सांगितलं.

"वा! आता मासे आम्हाला डॉक्टरकी शिकवणार? बाईने सुई चालवावी, जीभ नाही."

"दादा, तुला लाल होतं का? खरं सांग."

लेफानीने इकडेतिकडे पाहिलं. "सगळ्यांनाच होतं. त्यात काय सांगायचं?"

"सगळ्यांना?"

"माझ्या अख्ख्या होडीला," तो पुटपुटला, आणि स्वतःच्याच बोलण्याने चपापून खाली बसला.

दुसऱ्या दिवशी एनिफा ती थाळी घेऊन गावच्या मुखियाबाईंच्या अंगणात गेली. मुखियाबाईंनी काझोम्बेंना बोलावणं धाडलं. ब्याण्णव बाटल्या तपासल्या. एक्याऐंशींत अंडी निघाली, त्यात मुखियाबाईंचीही एक होती. मग गोळ्या वाटल्या. खुणा केलेल्या काठीला पाठ लावून उभं राहायचं, जेवढी उंची तेवढ्या गोळ्या. लेफानीला पाच आल्या. त्या कडू जहर गोळ्या त्याने मक्याच्या उकडीच्या गोळ्यात दडपून गिळल्या आणि बहिणीकडे बघितलंही नाही.

मुखियाबाईंनी काठालगतची उथळ खाडी जाळ्यांना बंद केली. लोक चिडले. "काझोम्बेची बायको" म्हणून एनिफाची टर उडाली, तिच्या अंगणात कुणी फिरकेना. पदरच्या मच्छरदाण्या तिने उसवल्या आणि मुलींच्या चटयांवर टांगल्या. पुढे लेफानीच एका दुपारी दोऱ्याचं रीळ घेऊन आला. "मोठ्या डोळ्याचं जाळं विण. खोल पाण्यात टाकतो," एवढंच बोलला.

तिसऱ्या वर्षी खाडीत शंखफोडे पुन्हा दिसू लागले, पण तुरळक. काझोम्बे म्हणाले, गोगलगायी आटोक्यात यायला तू म्हातारी होशील. तियांजाने सावरली. वर्षभराने पुन्हा एकदा लाल झालं, पुन्हा गोळ्या घ्याव्या लागल्या. गावात नळ एकच, तोही आठवड्यातले चार दिवस कोरडा. मग पोर घडा डोक्यावर घेऊन निघते, आणि एनिफा काठावर उभी राहून ओरडते, "फार आत जाऊ नकोस! लवकर बाहेर ये!" पोर गुडघाभर पाण्यात उभी राहून घडा बुडवते. तो भरायला वेळ लागतो.