कपाटातल्या पाट्या

खरात सरांच्या विज्ञानाच्या तासाला लिहायला बंदी होती. ते फळ्यावर हृदयाची आकृती काढू लागले आणि सवयीने कुणी वही उघडली, की खडू खाली ठेवायचे. "लिहू नको बे. पाह्य आधी. हात चालला का डोक्सं झोपते." मी शेजारच्या वर्गात मराठी शिकवायचो. मधली भिंत पत्र्याची, त्यामुळे हे वाक्य रोज माझ्याही मुलांना ऐकू यायचं आणि माझ्या शुद्धलेखनाची पार वाट लागायची.

आमची शाळा संग्रामपूर तालुक्यातल्या एका आडगावात. सर वरवट बकालहून मोटारसायकलने यायचे. वह्यांवर त्यांचा राग जुना होता. "माह्यंच बोलणं पोट्टे मलेच नकलून दाखोतात, अन् आपण त्याच्यावर लाल बरोबरची खूण करतो. कागद बी वाया, पोट्टं बी वाया." उन्हाळ्यात मुलांच्या वह्या रद्दीत जात आणि स्टँडवरच्या भज्यांखाली येत. एकदा सरांना स्वतःच शिकवलेली पचनसंस्था भज्यांच्या कागदावर तेल पिऊन परत मिळाली. "पाह्य, कागदानं सोडलं नाई मले," म्हणाले, आणि भजी तशीच ठेवून निघाले.

म्हणून पुण्यात स्थिरावलेल्या आमच्या एका माजी विद्यार्थ्याला त्यांनी फोन करकरून शाळेसाठी टॅबलेट मिळवले. मुख्याध्यापकांनी त्या टॅबलेटना हळदकुंकू वाहिलं, नारळ फोडला, भाषण केलं. सरांनी मात्र भाषण चालू असतानाच एक उचलला, नखाने कोपरा धरून त्यावरचं प्लास्टिक सर्रकन ओढून काढलं आणि दहावीच्या सुषमाच्या हातात दिला. मुख्याध्यापकांचा चेहरा पाहण्यासारखा झाला. आमच्याकडे नवी वस्तू वापरायची नसते, जपायची असते. सोफा फाटतो, पण त्याची पन्नी निघत नाही.

सर त्यांना टॅबलेट म्हणत नसत, पाटी म्हणत. शिकवताना ते आपल्या पाटीवर लिहायचे, आकृत्या काढायचे, चार वाक्यं बोलून ठेवायचे. तास संपला की ते सगळं मुलांच्या पाट्यांवर जायचं. मुलांनी करायचं एवढंच, की जे कळलं नाही तिथे लाल गोल काढायचा. दुसऱ्या दिवशी सर त्या लाल गोलांपासूनच सुरुवात करायचे. ज्याच्या पाटीवर एकही गोल नाही त्याला उभं करायचे. "तुले सगळंच समजलं? काऊन खोटं बोलून राह्यला बे?" दहावीच्या वर्गात विज्ञानाची वही उरली नाही. मुलं मान वर करून बसू लागली. इतक्या वर्षांच्या नोकरीत असा वर्ग मी दुसरा पाहिला नाही.

सुषमाला कापूस वेचणीच्या दिवसांत शाळा बुडवावी लागे. ती पाटी घरी न्यायची आणि सर काय बोलले ते ऐकायची. विज्ञान तिला जड जायचं. पण दहावी एका झटक्यात निघाली तर शेगावला कॉलेजात घालायचं, नाहीतर शाळा बंद, असं तिच्या बापाने सरांसमोरच सांगितलं होतं. सर त्याला म्हणाले, "निंघते. तू तुह्या वावरात लक्ष घाल."

'कागदविरहित शाळा' पाहायला समिती येणार, असा निरोप दिवाळीच्या सुट्टीत आला. मुख्याध्यापकांनी सगळ्या पाट्या गोळा केल्या. सरांची पाटीही शाळेची मालमत्ता म्हणून गेली. सगळ्या पुसल्या, नवी प्लास्टिकं चढवली आणि लोखंडी कपाटाला कुलूप लावलं. सर तणतणत मुख्याध्यापकांकडे गेले. "सर, पोट्ट्याईचा सारा अभ्यास त्याच्यात हाये. अन् हे यंत्र रोज वापरलं तर चालते, ठेवून देल्लं तर मरते."

"खरात सर, मुलांचे हात पाहिलेत ना? एकदा समिती येऊन जाऊ द्या, मग खुशाल वापरा."

समिती आज येते, उद्या येते करता करता थंडी सरली; तोवर मुलांकडे ना पाटी, ना वही. सुषमा मला व्हरांड्यात गाठून विचारायची, "सर, कपाट उघडलं का?" शेवटी उघडलं, ते समितीच्या आदल्या दिवशी. आतली बॅटरी फुगून काही पाट्यांची पोटं वर आली होती. उरलेल्या पेटल्या, पण आत काहीच नव्हतं. पाहुण्यांना नव्या कोऱ्या दिसाव्यात म्हणून मुख्याध्यापकांनी कुलूप लावण्याआधीच मोबाइल दुकानदाराकडून त्या आतूनही साफ करून घेतल्या होत्या! हे त्यांनी अभिमानाने सांगितलं. सर भिंतीला टेकून खालीच बसले. मला आजही त्या माणसाचा संताप येतो, आणि त्याला आपलं काही चुकलं असं एकदाही वाटलं नाही याचा त्याहून जास्त.

समितीने स्वच्छ गणवेशातली मुलं आणि पेटणाऱ्या पाट्या यांचे फोटो काढले. शाळेला प्रमाणपत्र मिळालं, चांगल्या जाड कागदावर.

दुसऱ्या दिवशी पत्र्याच्या भिंतीतून मला सरांचा आवाज आला. "लिहा बे पोट्टेहो. लिहा. जेवढं होते तेवढं लिहून घ्या." पुढच्या प्रत्येक तासाला तेच. माना खाली, सर सांगतात आणि मुलं उतरवतात. आवाज त्यांचाच होता, पण ऐकवत नव्हता.

दहावीचा निकाल लागला, सुषमा विज्ञानात राहिली. जुलैत ती आईबरोबर शेतात निंदणाला जाऊ लागली. मुलांकडे वह्या का नव्हत्या, याचा खुलासा संस्थेने मागितला, तोही सरांकडेच. त्यांनी कोऱ्या कागदावर फक्त सही केली आणि नेऊन दिला. "वरचं तुमीच लिहून घ्या, तुमाले कागदाची लय हौस," म्हणाले. निवृत्तीला वेळ होता, पण त्यांनी नोकरी सोडली. स्टँडवर भेटले तर शाळेचं नावही काढत नसत. फक्त विचारायचे, "ते पोट्टी काय करते?" मी सांगायचो. ते मान फिरवायचे.

दसऱ्याला शस्त्रपूजनात त्या मेलेल्या पाट्या अजून मांडतात. आपट्याची पानं वाहतात.

गेल्या हिवाळ्यात सर गेले. शाळेत शोकसभा झाली. नव्या युगाचे शिक्षक, द्रष्टे, सगळे शब्द मुख्याध्यापकांनी कागदावरून वाचले. टेबलावर सरांचा मोठा फोटो होता, दुकानातून आणला तसाच. फ्रेमवरचं प्लास्टिक कुणी काढलं नव्हतं, हार त्याच्यावरूनच घातला होता. ट्यूबलाइटच्या उजेडात प्लास्टिक चमकत होतं आणि सरांचं तोंड धड दिसत नव्हतं.

सुषमा शेतातून तशीच आली होती, मागे उभी होती. ती पुढे आली, हार बाजूला केला आणि नखाने कोपरा धरला.

"अगं, राहू दे ते," मुख्याध्यापक हळूच म्हणाले. "धूळ बसते."

"बसू द्या," ती म्हणाली, आणि सर्रकन ओढून काढलं.